नाका कुठे लागलाय?

रात्री नऊच्या सुमाराला राज्यमार्गावर समोरून येणारा ट्रक दोनदा डिपर मारतो. गाडी चालवणाऱ्या कुणालाही या खुणेचा अर्थ सांगावा लागत नाही: पुढे पोलीस आहेत. मग लोंबणारा सीटबेल्ट ओढून लावला जातो, कानाचा मोबाइल मांडीवर येतो. ज्याच्या पोटात तीन पेग आहेत तो पहिल्याच फाट्यावरून गाडी आत घालतो आणि उसाच्या मधल्या कच्च्या रस्त्याने नाका चुकवून पुन्हा डांबरीवर येतो. ढाब्यावरून उठण्याआधी कुणीतरी पुढे गेलेल्या मित्राला फोन लावतो आणि विचारतो, ‘नाका कुठे लागलाय?’ असे फोन मी वर्षानुवर्षं ऐकत आलो आहे. दंड किती, हा प्रश्न त्या फोनवर मी कधीच ऐकला नाही.

उलट, कायदा करणाऱ्यांच्या चर्चेत दंड किती हाच पहिला प्रश्न असतो. १ सप्टेंबर २०१९ रोजी सुधारित मोटार वाहन कायद्यातल्या नव्या दंडांची अंमलबजावणी सुरू झाली, तेव्हाचे ते दिवस आठवतात. दारू पिऊन गाडी चालवण्याचा पहिल्या गुन्ह्याचा दंड २,००० रुपयांपर्यंत होता, तो १०,००० झाला. विनापरवाना गाडी चालवण्याचा ५०० वरून ५,००० वर गेला, हेल्मेट नसल्याचा १०० वरून १,००० वर. गुजरातने दहा दिवसांत अनेक दंड खाली आणले. महाराष्ट्राच्या तेव्हाच्या परिवहन मंत्र्यांनी केंद्राला पत्र लिहून फेरविचार करायला सांगितलं आणि आपल्याकडे वाढीव दंड यायला डिसेंबर २०२१ उजाडला. एवढ्या सगळ्या वादावादीत आकड्यावरच घासाघीस झाली. कुणाला ५,००० जास्त वाटत होते, कुणाला १,००० कमी. रात्री नऊ वाजता रस्त्यावर कोण उभं राहणार, किती वेळा, आणि कुठे, यावर मात्र फारसं कुणी बोललं नाही. २०२२ साली या देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसं गेली. म्हणजे रोज साधारण ४६०.

दंड वाढवला की गुन्हा घटेल हा विचार भाबडा नाही. त्यामागे अर्थशास्त्रातली एक देखणी मांडणी आहे आणि तिचा जन्मही गाडीमुळेच झाला. १९६० च्या दशकात गॅरी बेकर हे न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात शिकवत होते. एका विद्यार्थ्याच्या तोंडी परीक्षेला त्यांना उशीर होत होता. गाडी पैसे देऊन वाहनतळावर लावायची की नियम मोडून रस्त्यावरच सोडायची? पकडलं जाण्याची शक्यता किती, दंड किती आणि वाहनतळाचं भाडं किती, असा हिशेब त्यांनी मनातल्या मनात केला आणि गाडी रस्त्यावर लावली. परीक्षेच्या खोलीकडे चालत जाताना त्यांच्या लक्षात आलं की हाच हिशेब पलीकडे महापालिकाही करत असणार: किती माणसं गस्तीला ठेवायची आणि दंड किती लावायचा. परीक्षेत त्या बिचाऱ्या विद्यार्थ्याला त्यांनी पहिला प्रश्न यावरच विचारला. १९६८ साली त्यांचा गुन्हा आणि शिक्षेवरचा प्रसिद्ध लेख आला. १९९२ साली त्यांना नोबेल मिळालं तेव्हा ही गाडीची हकीकत त्यांनी आपल्या नोबेल व्याख्यानातच सांगितली. त्या दिवशी पावती फाडली गेली नव्हती, हेही सांगितलं.

बेकर यांचं सूत्र साध्या भाषेत असं: गुन्ह्याची किंमत म्हणजे दंड गुणिले पकडलं जाण्याची शक्यता. शंभर फेऱ्यांत एकदा पकडला जाणार असेल आणि दंड १०,००० असेल, तर फेरीमागे सरासरी भुर्दंड १०० रुपये. दहा फेऱ्यांत एकदा पकडला जाणार असेल आणि दंड १,००० असेल, तरी फेरीमागे १०० च. कागदावर दोन्ही सारखंच. पण सरकारच्या तिजोरीला दोन्ही सारखं नाही. दहापट जास्त लोक पकडायचे तर पोलीस हवेत, गाड्या हव्यात, यंत्रं हवीत, न्यायालयात वेळ हवा. दंड दहापट करायला राजपत्रातली एक ओळ पुरते. त्यामुळे जगभरच्या सरकारांना या सूत्राचा स्वस्त अर्धा भाग आवडतो. बेकर यांचा यात दोष नाही. त्यांच्या विद्यार्थ्याला विचारलेल्या प्रश्नात पोलीसही होते. राज्यकर्त्यांनी त्यातून दंड तेवढा उचलला.

याच्या बरोबर उलट बोलणारा माणूस दोनशे वर्षांपूर्वीच होऊन गेला होता. मिलानचा चेझारे बेक्कारिया. १७६४ साली त्याचं छोटंसं पुस्तक निनावी छापलं गेलं तेव्हा तो सव्वीस वर्षांचा होता. छळ आणि देहदंडाच्या त्या काळात त्याने लिहिलं की माणसाला शिक्षेची खात्री आवरते, तिची क्रूरता नाही. शिक्षा सौम्य असली तरी चालेल, ती चुकणार नाही हे पटलं पाहिजे, आणि ती गुन्ह्याच्या पाठोपाठ आली पाहिजे.

बेक्कारियाचं म्हणणं खरं ठरवून दाखवलं ते इंग्लंडने, आणि तेही मनात नसताना. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला तिथे दोनशेहून अधिक गुन्ह्यांना फाशी होती. राहत्या घरातून ४० शिलिंग किंवा त्याहून जास्त किमतीचा माल चोरला तरी फाशी. ज्युरीत बसणारे म्हणजे गावातलेच दुकानदार, कारागीर. समोर उभ्या असलेल्या मोलकरणीने चांदीचे चमचे चोरलेत हे त्यांना दिसत होतं, पण त्यासाठी तिला फासावर पाठवायला मन धजत नव्हतं. मग ते शपथेवर मालाची किंमत लावत ३९ शिलिंग. पुढे फाशीची मर्यादा पाच पौंडांवर, म्हणजे १०० शिलिंगवर नेली, तर चोरीचे माल ९९ शिलिंगचे होऊ लागले. खोट्या सह्या आणि बनावट हुंड्यांच्या गुन्ह्यांत तर साक्षीदार मिळेनात, ज्युरी दोषी ठरवेनात. अखेर १८३० साली बँकवाल्यांनीच संसदेकडे अर्ज केला: या गुन्ह्याची फाशी काढून टाका, कारण ती आहे तोवर आमचे चोर सुटतायत. ज्यांचे पैसे बुडत होते त्यांनीच शिक्षा कमी करा म्हणून अर्ज करावा, याहून मोठा पुरावा काय हवा?

शिक्षा आणि खात्री हे दोन वेगळे नळ आहेत आणि एक सोडला की दुसऱ्याला धक्का लागत नाही, असं बेकर यांच्या सूत्रात वाटतं. प्रत्यक्षात पाणी एकाच टाकीतलं आहे. दंड १०० रुपये असताना हवालदार पावती फाडतो आणि माणूस कुरकुरत पैसे भरतो. दंड १०,००० झाला की दोघांनाही तडजोड परवडते. दंड जितका मोठा तितकी चिरीमिरीची जागा मोठी, ओळखीच्या नगरसेवकाला फोन लावायची निकड मोठी, आणि महिना पंधरा हजार कमावणाऱ्या टेम्पोवाल्यासमोर प्रामाणिक हवालदाराचाही हात पावतीपुस्तकावर थबकण्याची शक्यता मोठी. दंड वाढला आणि तो लागण्याची शक्यता घटली, तर गुणाकार कुठे जाईल हे सांगता येत नाही.

गंभीर गुन्ह्यांतही हीच गाठ आहे. डिसेंबर २०१२ च्या दिल्लीतल्या सामूहिक बलात्कारानंतर देश पेटून उठला होता आणि फाशीची मागणी सगळीकडून होत होती. त्या संतापात मीही होतो. न्या. जे. एस. वर्मा समितीने जानेवारी २०१३ मध्ये अहवाल दिला तेव्हा बलात्काराला फाशीची शिफारस केली नाही, आणि तेव्हा मला ते पचलं नव्हतं. आज राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाचा आकडा समोर ठेवून विचार करतो: २०१९ साली न्यायालयात निकाली निघालेल्या बलात्काराच्या खटल्यांत दोषसिद्धीचं प्रमाण २७.८ टक्के होतं. म्हणजे तक्रार नोंदवण्याचं धाडस, तपास, आरोपपत्र, वर्षानुवर्षांच्या तारखा एवढं सगळं पार करून निकालापर्यंत पोचलेल्या प्रकरणांतही चारातल्या जेमतेम एकात शिक्षा. हे प्रमाण तसंच ठेवून कलमातली शिक्षा कितीही वर नेली, तरी गुन्हेगाराच्या मनातला अंदाज बदलेल असं मानायला मला आधार सापडत नाही.

तो मनातला अंदाज कसा बनतो, हा वर्तनी अर्थशास्त्राचा प्रश्न. बेकर यांचा माणूस शक्यता मोजून गुणाकार करतो. डॅनियल काहनेमन आणि एमस टव्हर्स्की यांनी १९७० च्या दशकात दाखवलं की खरा माणूस शक्यता मोजत नाही. डोळ्यांसमोर जे चटकन येतं त्यावरून ती ठरवतो. गेल्या आठवड्यात मेहुण्याला नाक्यावर धरलं असेल, तर धोका प्रचंड वाटतो. पाच वर्षं शनिवारी पिऊन गाडी घरी सुखरूप आणली असेल, तर धोका शून्य. शंभरात एक आणि हजारात एक यांतला फरक ढाब्याच्या पायरीवर उभ्या असलेल्या माणसाला जाणवत नाही. दोन्हींचं त्याच्या मनात एकच नाव असतं: ‘काही होत नाही.’ शिवाय आत्ताची निकड आणि पुढची शिक्षा यांचं वजन तो एका तराजूत टाकत नाही. घरी जायचंय ते आत्ता. न्यायालयातली तारीख कधीतरी पुढे. आणि दारूचं काम तर मुळातच पुढचं धूसर करणं हे आहे.

शिक्षेच्या जोरावर किती भरवसा ठेवायचा हे दाखवणारा एक अभ्यास फ्लोरिडातला आहे. अठरा वर्षं पूर्ण झाली की तिथे मुलाचा खटला बालन्यायालयातून प्रौढांच्या न्यायालयात जातो आणि संभाव्य तुरुंगवास एका रात्रीत दुपटीहून जास्त वाढतो. बेकर यांचं सूत्र जसंच्या तसं खरं असतं, तर अठराव्या वाढदिवशी गुन्ह्यांचा आलेख कड्यावरून पडल्यासारखा खाली यायला हवा होता. डेव्हिड ली आणि जस्टिन मॅक्रेरी यांनी तो तपासला. घट साधारण दोन टक्के निघाली. वाढदिवस कोणता हे प्रत्येकाला माहीत असतं. तरीही.

पश्चिम जर्मनीची गोष्ट याच्या उलट टोकाची. तिथे मोटारसायकलवर हेल्मेट १९७६ पासून सक्तीचं होतं, पण न घातल्यास जागेवर दंड १९८० पासून लागू झाला. त्यानंतर वर्षाला दीड लाखांच्या घरात असलेल्या मोटारसायकलचोऱ्या १९८६ पर्यंत ५४ हजारांच्या आसपास आल्या. चोरीची शिक्षा एका दिवसानेही वाढली नव्हती. झालं एवढंच की रस्त्यात दिसलेली गाडी पटकन उचलून पळणाऱ्याजवळ हेल्मेट नसायचं, आणि हेल्मेट नसलेला स्वार आता प्रत्येक चौकात नजरेत भरत होता. पुण्यात हेल्मेटसक्तीवर इतकी वर्षं इतका वाद झाला, पण ही बाजू त्यात मी कुणाकडून ऐकली नाही.

आता पुन्हा दारू आणि गाडीकडे, कारण धाक कसा जन्मतो, कसा विरतो आणि कसा टिकवता येतो, याचा सर्वांत स्वच्छ इतिहास तिथे आहे.

९ ऑक्टोबर १९६७ रोजी ब्रिटनमध्ये श्वास तपासण्याचा कायदा अमलात आला. परिवहन मंत्री बार्बरा कॅसल यांच्यावर टीकेची झोड उठली होती, पण आकडे त्यांच्या बाजूने उभे राहिले. शनिवार-रविवारच्या रात्री पिण्याच्या वेळेतले मृत्यू आणि गंभीर जखमा सुरुवातीला जवळपास दोन तृतीयांशांनी कमी झाल्या. मग हळूहळू, महिन्यामागून महिना, आकडे वर सरकू लागले आणि काही वर्षांत बराचसा फायदा ओसरला. कायदा तोच होता, शिक्षा तीच होती. एच. लॉरेन्स रॉस या समाजशास्त्रज्ञाने याचं कारण शोधलं ते असं: सुरुवातीच्या गाजावाजामुळे लोकांना वाटलं की आता प्रत्येक वळणावर पोलीस नळी घेऊन उभा असणार. मग एक शनिवार गेला, दोन गेले, वीस गेले. कुणी थांबवलं नाही. लोकांना खरी शक्यता कळली आणि ती नगण्य होती.

न्यू साउथ वेल्स या ऑस्ट्रेलियाच्या राज्याने डिसेंबर १९८२ मध्ये वेगळा मार्ग धरला. संशय असो वा नसो, कुठल्याही चालकाला थांबवून तपासायचा अधिकार पोलिसांना दिला आणि तो खरोखर वापरला. पहिल्याच वर्षात राज्यातल्या परवानाधारकांच्या संख्येच्या साधारण एक तृतीयांश इतक्या चाचण्या झाल्या. गाड्या, दिवे, पोलीस, सगळं मुद्दाम ठळक दिसेल असं. आज न थांबवलेल्यालाही कळायचं की शेजारच्या रांगेतल्याला थांबवलंय. जीवघेण्या अपघातांत सुमारे पाचव्या हिश्श्याची घट झाली आणि चाचण्यांचा रेटा चालू राहिल्यामुळे ती ब्रिटनसारखी वाहून गेली नाही. रॉस होमेल यांनी यावर अनेक वर्षं काम केलं. त्यांनी आणखी एक गोष्ट टिपली. मित्रांच्या टोळक्यात ‘मी आज पिणार नाही’ म्हणणं अवघड असतं. ‘आज टेस्ट लागू शकते’ म्हणणं सोपं. नाक्याने लोकांना नकार द्यायला एक सबब दिली.

पण न्यू साउथ वेल्सजवळ पैसा होता, माणसं होती. आपल्या एखाद्या तालुक्याच्या ठाण्यात जेमतेम माणसं, एक जीप, तीही मंत्र्यांच्या दौऱ्यात अडकलेली. मूठभर माणसांत हे जमतं का? याचं उत्तर राजस्थानने दिलं आणि ते मला या सगळ्या विषयातलं सर्वांत मोलाचं वाटतं.

२०१० आणि २०११ मध्ये राजस्थान पोलिसांनी अभिजित बॅनर्जी, एस्थर डफ्लो आणि डॅनियल केनिस्टन या अर्थशास्त्रज्ञांबरोबर एक प्रयोग केला. त्यावरच्या शोधनिबंधाच्या चौथ्या सहलेखिका पोलीस खात्यातल्याच होत्या: आयपीएस अधिकारी नीना सिंह, ज्या पुढे २०२३ च्या अखेरीस केंद्रीय औद्योगिक सुरक्षा दलाच्या पहिल्या महिला महासंचालक झाल्या. (बॅनर्जी आणि डफ्लो यांना २०१९ चं नोबेल मिळालं. अभिजित विनायक बॅनर्जी यांचा जन्म मुंबईचा आणि आई निर्मलाताई माहेरच्या पाटणकर, हे मराठी वाचकांना ठाऊक असेलच.) राज्यातली १८३ पोलीस ठाणी निवडली गेली. कुठल्या ठाण्यात काय होणार हे सोडत काढून ठरवलं. काही ठाण्यांत नेहमीचाच कारभार चालू ठेवला, म्हणजे तुलना करता यावी. बाकीच्या ठाण्यांच्या हद्दीत संध्याकाळी सातच्या पुढे नाकाबंदी, श्वास तपासणाऱ्या यंत्रांसह, आठवड्यातून एक, दोन किंवा तीन रात्री.

गंमत पुढच्या विभागणीत आहे. काही ठाण्यांत नाका कायम एकाच जागी लावायचा, आणि तोही सर्वांत चांगल्या जागी, जिथे पिऊन येणारे जास्तीत जास्त सापडतात. दुसऱ्या काही ठाण्यांत तीन जागा ठरवायच्या आणि त्यांत नाका फिरता ठेवायचा. आता साधा विचार केला तर पहिली रीत उजवी वाटते. सर्वांत चांगली जागा सोडून दुसऱ्या-तिसऱ्या क्रमांकाच्या जागी माणसं का दवडायची? कुठलाही अनुभवी ठाणेदार हेच म्हणेल: ढाबे आणि ठेके जिथे आहेत त्या रस्त्यालाच उभे राहू.

निकाल असा आला. फिरत्या नाक्यांच्या हद्दीत रात्रीचे अपघात १७ टक्क्यांनी घटले आणि रात्रीचे अपघाती मृत्यू २५ टक्क्यांनी. एकाच जागी लागणाऱ्या नाक्यांचा म्हणण्यासारखा काहीही परिणाम दिसला नाही. मोहीम थांबल्यावरही फिरत्या नाक्यांचा धाक काही आठवडे टिकून राहिला. दंड दोन्हीकडे सारखाच, तो जुना २,००० रुपयांपर्यंतचा.

याचा अर्थ लावताना मला बेकर यांच्या त्या परीक्षेची आठवण येते. पोलीस हिशेब करतात तसा चालकही करतो आणि प्रत्येक जण दुसऱ्याच्या खेळीवर नजर ठेवून असतो. नाका एकाच जागी असेल तर ती जागा गावाला आठवड्याभरात पाठ होते. मग पिणारा पिणं सोडत नाही, रस्ता सोडतो. मुख्य रस्ता टाळून तो अरुंद, दिवे नसलेल्या रस्त्याने जातो, आणि अपघात तिथे होतो. नाका तीन जागी फिरू लागला की ‘नाका कुठे लागलाय?’ या फोनला पक्कं उत्तर मिळत नाही. काल वेशीपाशी होता. परवा साखर कारखान्याजवळ. आज? जागा जितक्या, तितका शिकायला लागणारा वेळ जास्त. आणि धाक जगतो तो लोक शिकलेले नसतात त्या काळातच.

यात मनाची आणखी एक खोड कामाला येते. १९६१ साली डॅनियल एल्सबर्ग यांनी (हो, तेच, ज्यांनी दहा वर्षांनी व्हिएतनाम युद्धाची गुप्त कागदपत्रं वर्तमानपत्रांना दिली) दोन घड्यांचं कोडं मांडलं. एका घड्यात ५० लाल आणि ५० काळे गोळे. दुसऱ्यातही १०० च, पण लाल किती, काळे किती हे सांगितलेलं नाही. लाल निघाला तर बक्षीस. बहुतेक लोक पहिल्या घड्यात हात घालतात. काळ्यावर बक्षीस ठेवलं तरी पहिल्याच घड्यात. मोजलेला धोका माणूस पत्करतो, न मोजता येणाऱ्या धोक्यापासून लांब राहतो. रोज एकाच जागी उभा असलेला नाका म्हणजे पहिला घडा. फिरता नाका म्हणजे दुसरा. गुन्हेशास्त्रज्ञ लॉरेन्स शर्मन यांनी १९९० सालीच लिहून ठेवलं होतं की अचानक मोहीम काढावी, लोक सरावण्याआधी ती उचलावी आणि दुसरीकडे न्यावी. पोलीस निघून गेल्यावर जो धाक मागे उरतो तो फुकटात मिळतो.

राजस्थानच्या प्रयोगात अजून एक धागा होता आणि त्याबद्दल कमी बोललं जातं. नाक्यावर कुणी उभं राहायचं? निम्म्या ठिकाणी स्थानिक ठाण्याचीच माणसं. बाकी ठिकाणी जिल्ह्याच्या पोलीस लाइनमधून आणलेल्या खास तुकड्या. लाइनमध्ये असणं म्हणजे राखीव दलात बसून राहणं. बंदोबस्त असेल तेव्हा बोलावणं. अनेकांना ती नेमणूक शिक्षेसारखी वाटते. या तुकड्यांच्या गाड्यांना जीपीएस लावलं होतं आणि काम चांगलं केलं तर लाइनमधून बाहेर नेमणूक मिळू शकेल, असं सांगितलं होतं. तुकड्या जास्त वेळा हजर राहिल्या, वेळेवर आल्या आणि त्यांनी पिणारे जास्त पकडले. स्थानिक ठाण्यातली माणसं वाईट होती असा याचा अर्थ मी घेत नाही. त्यांच्यामागे दिवसभराचं काम होतं, मोर्चे, पंचनामे, न्यायालयाच्या तारखा. शिवाय त्याच गावात राहायचं असतं आणि काच खाली केल्यावर आतून ओळखीचा चेहरा निघतो. धाक फक्त गुन्हेगाराच्या मनात निर्माण करायचा नसतो. रात्री नऊला नाक्यावर कुणीतरी पोचावं याचीही खात्री कुणीतरी, कशाने तरी, निर्माण करावी लागते.

खात्रीवर इतकं लिहिल्यावर तिच्या मर्यादाही लिहिल्या पाहिजेत. २००४ साली होनोलुलूचे न्यायाधीश स्टीव्हन ॲल्म यांनी परिविक्षेवर (प्रोबेशनवर) सुटलेल्यांसाठी नवी रीत सुरू केली. आधी माणूस नशेच्या चाचणीत दहा वेळा नापास व्हायचा, दहा वेळा समज मिळायची आणि अकराव्या वेळी एकदम काही वर्षांचा तुरुंग. ॲल्म यांनी ठरवलं: प्रत्येक चुकीला शिक्षा, त्याच आठवड्यात, पण फक्त काही दिवसांची. २००९ च्या मूल्यमापनात नशेच्या चाचणीत सापडण्याचं प्रमाण ७२ टक्क्यांनी आणि नव्या गुन्ह्यात अटक होण्याचं प्रमाण ५५ टक्क्यांनी कमी दिसलं. बेक्कारियाचं पुस्तक जणू हवाईत जिवंत झालं होतं. मग हीच रीत अमेरिकेच्या मुख्य भूमीवर चार ठिकाणी नीट आखून वापरली गेली, आणि २०१६ मध्ये निकाल आला: नेहमीच्या पद्धतीपेक्षा फरक नाही. का, यावर वाद चालू आहे. न्यायाधीशाचा स्वभाव, उपचारांची सोय, बेटावरचं छोटं शहर, यांतलं काहीतरी सोबत गेलं नसावं. मला यातून एवढंच दिसतं की व्यसनाने धरलेल्या माणसाला खात्रीचा धाकही पुरत नाही. शनिवारी मित्रांबरोबर पिणारा आणि रोज सकाळी हात थरथरणारा, या दोघांना एकाच नाक्याने थांबवता येणार नाही. दुसऱ्याला दवाखाना हवा.

आपल्याकडे सध्या उलट दिशेने काय चाललंय तेही पाहावं. ई-चलान आलं तेव्हा वाटलं होतं, कॅमेऱ्याला ओळख नाही, चिरीमिरी नाही, आता खात्री आली. पण पकडलं जाणं आणि भरावं लागणं यांत अंतर पडलं. संदेश मोबाइलवर येतो, वाचला जातो आणि वर सरकतो. चलानं साचत जातात. मग सरकारच सवलत जाहीर करतं. तेलंगणाने मार्च २०२२ मध्ये दुचाकींच्या थकलेल्या चलानांवर ७५ टक्के सूट दिली, कर्नाटकाने फेब्रुवारी २०२३ मध्ये ५० टक्के. रांगा लागल्या, तिजोरीत पैसे आले. आणि ज्यांनी पहिल्या दिवशीच पूर्ण दंड भरला होता, त्यांना कळलं की घाई केली.

मुंबईत २००७ पासून वाहतूक पोलिसांनी पिऊन चालवणाऱ्यांविरुद्ध मोहीम नेटाने चालवली. त्या काळात शहराचं वागणं बदललेलं मी माझ्या ओळखीच्या घरांत पाहिलं आहे. लग्नाला जाताना ‘आज गाडी कोण चालवणार?’ हा प्रश्न आधी ठरू लागला. टॅक्सीचे पैसे बाजूला काढले जाऊ लागले. शहराबाहेर, तालुक्याच्या रस्त्यांवर, ३१ डिसेंबरचा नाका अजूनही दरवर्षी त्याच पुलाजवळ लागतो आणि तो कुठे लागणार हे चार दिवस आधी व्हॉट्सअ‍ॅपवर फिरतं.

तिथे काय लागेल याचा मी कागदावर हिशेब मांडून पाहिला आहे. श्वास तपासणारी दोन यंत्रं. एक गाडी. मुख्यालयातल्या राखीव दलातली चार-पाच माणसं, आठवड्यातून दोन रात्री, सात ते दहा. तीन जागांची नावं लिहिलेल्या तीन चिठ्ठ्या, आणि त्यांतली एक संध्याकाळी सहा वाजता उघडायची, आधी नाही. यासाठी विधेयक लागत नाही, कलम बदलावं लागत नाही, दंडाचा आकडा आहे तोच चालतो. जिल्ह्याच्या पोलीस अधीक्षकांची एक सही लागते.